शेवंताबाईंचं भेव

शेवंताबाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलातल्या बायकांच्या बाथरूममध्ये. त्याआधी ब्रह्मपुरीपासून नागपूरपर्यंत आम्ही एकाच जीपमध्ये शेजारी बसून आलो होतो, पण दोघींनीही तोंड उघडलं नव्हतं. मी खिडकीतून धानाच्या बांध्या बघत होते आणि त्या मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

मला नोकरीला लागून आठच दिवस झाले होते. ब्रह्मपुरीच्या आसपासच्या गावांतल्या ढिवर बायकांनी तलावातल्या मासेमारीसाठी गट केले होते आणि त्यांच्या माशांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं काम आमची लहानशी संस्था करायची. मुलाखतीत मला विचारलं होतं, "लोकांशी बोलायला आवडतं ना?" मी घाबरून "हो" म्हणाले होते. खरं तर बसमध्ये कंडक्टरला माझा थांबा सांगायचा तरी मला वाक्य मनात दोनदा जुळवावं लागायचं. चंद्रपूरला कॉलेजात तीन वर्षं मी एकाच बाकावर, एकाच मैत्रिणीशेजारी काढली. ती आली नाही की मी दिवसभर मुकी.

आणि आता मी खरेदीदार आणि विक्रेत्यांच्या मेळाव्याला आले होते. गळ्यात अडकवायला एक पट्टी दिली होती, तिच्यावर माझं नाव. हातात कार्यक्रमाचा कागद. त्यावर लिहिलं होतं : अकरा ते बारा, नेटवर्किंग. पलीकडे मोठा हॉल, दोन-अडीचशे माणसं, सगळी हसत होती, एकमेकांना कार्ड देत होती. मी दारातून एकदा आत पाहिलं आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसले.

शेजारच्या दाराआड कोणीतरी उलटी करत होतं.

मी बाहेर आले तर शेवंताबाई ओंजळीने तोंड धूत होत्या. आरशात माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तुमालेबी होऊन राह्यली का उलटी?"

"नाही. मला नुसती भीती वाटतेय."

"हां." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मले भेव लागलं का उलटी होते. लहानपणापासून. एकदा झाली का मंग घंटाभर जमते. चला."

पन्नाशीच्या असतील. उंचीने माझ्या खांद्याला लागत. सतत पाण्यात उभं राहून पायांची बोटं पांढुरकी, फाकलेली झालेली. नव्या चपला त्यांना चालायच्या नाहीत, म्हणून जुनीच रबरी चप्पल घालून त्या हॉटेलच्या गालिच्यावरून चालत होत्या. गटाच्या अध्यक्ष होत्या, पण अध्यक्ष म्हणून कोणी ओळख करून दिली की मान खाली. आवाज इतका बारीक की पुढच्या माणसाला वाकावं लागायचं. अशा बाईला पाच गावांतल्या बायकांनी अध्यक्ष का केलं, हा प्रश्न मला त्या दिवशी सकाळपर्यंत पडला होता.

हॉलच्या दारात त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"सगळ्यात जास्त भेलेला माणूस कुठी हाये ते पाहा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पाहा ना. येवढ्या लोकाईत एकतरी असतेच."

मी पाहिलं. कॉफीच्या मशीनजवळ एक कोटवाला माणूस उभा होता. मोबाईल कानाला लावून होता, पण ओठ हलत नव्हते. शेवंताबाई त्याच्याजवळ गेल्या. मी दोन पावलं मागे. त्याच्याकडे न बघता, मशीनकडे बघत, त्या म्हणाल्या, "भाऊ, हे मशीन मले समजलंच नाई. मी दोनदा दाबलं, दोनदा गरम पाणीच आलं. तेच पेली."

त्या माणसाने मोबाईल खाली घेतला. "मी पण," तो म्हणाला. आणि हसला. त्याच्या हातातल्या कपातही पाणीच होतं.

तो काही माशांचा खरेदीदार वगैरे निघाला नाही. खोके बनवणाऱ्या कुठल्याशा कारखान्याचा नवा माणूस होता, त्याचाही पहिलाच मेळावा. आमच्या काही कामाचा नव्हता. पण आम्हा तिघांच्या कोंडाळ्यात मी पंधरा मिनिटं उभी राहिले आणि शेवटी शेवटी दोन वाक्यं बोललेही. बारा वाजता शेवंताबाईंचा चेहरा उतरला. "झालं माहं," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. त्या दिवशी आम्ही एकही सौदा न करता परतलो. संस्थेच्या साहेबांना काय सांगायचं ते परतीच्या वाटेवर मी मनात जुळवत होते. शेवंताबाई मात्र डोकं मागे टेकवून झोपल्या होत्या.

पुढे अडीच वर्षं मी त्यांच्यासोबत हिंडले. त्यांची एक पद्धत होती, पण ती पद्धत आहे असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्या पहिला प्रश्न कधीच विचारत नसत. मोहर्लीच्या बसमध्ये त्यांनी मला एकदा सांगितलं, की प्रत्येक फेरीत एका अनोळखी माणसाशी बोलायचं. मी हिय्या करून शेजारच्या बाईला विचारलं, "तुम्ही कुठल्या?" त्या बाईने माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं, स्वतःची पिशवी जवळ ओढली आणि खिडकीकडे तोंड केलं. मोहर्ली येईपर्यंत मी मान वर केली नाही. उतरल्यावर शेवंताबाई तोंडावर पदर धरून हसत सुटल्या.

"का हसता? तुम्हीच सांगितलं ना."

"पोरी, तू तिले पोलिसासारखं इचारलं. इचारू नये पहिले. पहिले आपलं काई सांगावं. लहानसं. ज्याच्यात आपलीच फजिती हाये असं. मंग समोरचा भेत नाई."

"समोरचा कशाला भिईल? भीती तर मला वाटते."

त्या थांबल्या. "त्यालेबी वाटते ना, माय," म्हणाल्या. "मले दिसते ते."

हे त्या कुठे शिकल्या ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर बसून, झिंगे निवडता निवडता. माझ्याकडे बघत नव्हत्या, बोटं चालू होती. त्या तेरा-चौदा वर्षांच्या असताना आईसोबत आणि गावच्या बायांसोबत सिरोंच्याच्या पलीकडे, तेलुगू मुलखात मिरची तोडायला गेल्या होत्या. दोन महिन्यांनी परतताना एका मोठ्या स्टेशनवर गर्दीत आईचा हात सुटला. गाडी गेली. ह्या मागे राहिल्या.

"मंग?"

"मंग नळाजोळ बसली. दिवसभर. रात बसली. दुसरा दिवस अर्धा बसली."

"कोणाला विचारलं नाही?"

"कसं इचारू? तोंड उघडलं असतं तर समजलं असतं ना का हे एकटी हाये." त्यांनी एक झिंगा बाजूला टाकला. "टिकटवाला गेला, पोलीस गेला, बाया गेल्या पोरं घेऊन. मी सगळ्याईकडे अशी पाहो जशी माही माय आताच पानी आनाले गेली. पानी पेत होती नळाचं. दुसरं काई नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशन झाडणारी एक बाई येऊन शेजारी बसली. तिने काहीच विचारलं नाही. पाय लांब केले, आपल्याच भाषेत काहीबाही पुटपुटत टाच वर करून दाखवली. टाचेला मोठी भेग पडली होती, आत लाल दिसत होतं. शेवंताने ती पाहिली. आणि मग आपली बोटं पुढे केली. मिरचीने सोलून निघालेली.

"त्याच्यावर लय रडली मी. तिनं कोण्या मराठी हमालाले बलावलं, त्यानं मले गाडीत बसोलं. बल्लारशाले माय सापडली. ते दोन दिवसापासून हरएक गाडी पाहून राह्यली होती." झिंग्यांची टोपली त्यांनी हलवून सारखी केली. "तिनं मले नाव इचारलं असतं ना, तर मी पळाली असती."

माझ्या बोलण्याची वाट न पाहता त्या उठल्या आणि लुगडं खोचून पाण्यात उतरल्या.

त्यांची पद्धत प्रत्येक वेळी चालायची असंही नाही. एकदा आम्हाला एटापल्ली तालुक्यातल्या एका गावी पाठवलं. तिथल्या बायकांचा तलाव होता, त्यांना गट करायचा का, हे विचारायचं होतं. सूरजागडच्या पहाडाखालचा रस्ता, खाणीतल्या लोखंडाच्या दगडाने भरलेले ट्रक एकामागे एक, झाडांची पानंसुद्धा लाल धुळीने माखलेली. गावात जीप शिरली तशी अंगणातली माणसं आत गेली. एक दार लागल्याचा आवाज आला. मग दुसरं. जीपमधून येणारी माणसं खाणीसाठी जमीन मोजणारी असतात, नाहीतर कोणाला तरी शोधायला आलेली असतात, हे आमच्या ड्रायव्हरने आम्हाला नंतर सांगितलं.

आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो. तीन माणसं लांब उभी राहून आमच्याकडे बघत होती. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. लाकडासाठीचीच असणार, पण मी शेवंताबाईंना चिकटून बसले.

"शेवंताबाई, काहीतरी बोला ना."

"मले इथून पळून जावंसं वाटून राह्यलं," त्या हळूच म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. थोड्या वेळाने त्यांनी त्या माणसांना आपली तुटकी चप्पल दाखवली, गाडीत पाय अडकून कशी तुटली ते सांगितलं. कोणी हसलं नाही. त्यांना मराठी कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. एक म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली, पण ते आमच्यासाठी नव्हतं.

दोन तास आम्ही तशाच बसलो. मी दर पाच मिनिटांनी "जाऊया का" म्हणत होते. शेवटी ती म्हातारी पाण्याचा गडवा घेऊन आली, समोर ठेवला आणि मागे न बघता गेली. आम्ही पाणी प्यालो, गडवा पालथा घालून ठेवला आणि निघालो.

"झालं काय आज?" मी जीपमध्ये जवळजवळ रडत विचारलं.

"त्याईनं आपल्याले पाहून घेतलं. आपण काई मागितलं नाई, तेबी पाहून घेतलं." मग म्हणाल्या, "आन मी लय भेली होती, तेबी पाहिलं असन." त्या गावाचा गट आमच्याकडून कधी झाला नाही.

खरी भीती मात्र आमच्या घरचीच निघाली. शेवंताबाईंच्या गावचा मासा वर्षानुवर्षं एकच व्यापारी उचलायचा. बायका नागपूरला गिऱ्हाईक शोधायला जातात हे त्याच्या कानावर गेलं. दिवाळीनंतर तो तलावाच्या पाळीवर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आता तुमचा मासा तुमीच खा." गेला तो आलाच नाही. फोनही घेईना. उन्हाळ्यात तलाव आटतो तसा सगळा मासा एकदम निघतो, तो ठेवायला गावात बर्फही नव्हता. गावच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत शेवंताबाईंचा सख्खा दीर उभा राहून म्हणाला, "हिच्या पायी आमची चूल बुजली." शेवंताबाई खाली मान घालून चटईची काडी ओढत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर बायकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ज्यांनी त्यांना अध्यक्ष केलं होतं त्याच बायका.

तेव्हा चंद्रपूरला जंगल पर्यटनवाल्यांचा एक मेळावा होता. मोहर्लीकडच्या रिसॉर्टांचे मॅनेजर, स्वयंपाकी, गाड्यांचे मालक, सगळे येणार होते. भाषणं संपल्यावर चहापान आणि ओळखीपाळखी. तिथे दोन तरी गिऱ्हाइकं मिळाली असती तर गाव तरलं असतं. साहेब म्हणाले, "शेवंताबाईंना घेऊन जा. त्यांना जमतं."

हॉलच्या पायऱ्यांपर्यंत आम्ही नीट आलो. तिथे शेवंताबाई बसल्या. मला वाटलं आता उलटी होईल आणि मग आम्ही आत जाऊ. पण उलटीही होईना. त्या दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरून बसल्या, जशी काही ती सुटेल. कपाळावर घाम.

"चला ना, भाषणं संपली."

"माह्याच्यानं होत नाई आज."

"असं काय करता? मी एकटी काय करू?"

"मनीषा, माह्याच्यानं खरंच होत नाई." डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दहा खेपा गेली तवा काई जात नव्हतं माहं. आज सगळ्या गावाचं हाये. तू जा."

मी गेले. कशी गेले ते मला सांगता येणार नाही. मागे रडणारी बाई आणि पुढे तो हॉल, यांत मागे वळणं जास्त कठीण वाटलं, एवढंच.

आत मी भेदरलेला माणूस शोधला. एकही सापडला नाही. सगळे एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते. एका मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिले, त्याचा फोन वाजला. एका बाईंनी हसून विचारलं, "तुम्ही कोणत्या रिसॉर्टच्या?" मी म्हणाले, "कोणत्याच नाही." त्या "अच्छा" म्हणाल्या आणि गेल्या. बशीतलं बिस्कीट हातात मऊ होऊन तुटलं. खिडकीजवळ पांढऱ्या डगल्यातला एक स्वयंपाकी एकटाच उभा होता. तो भ्यालेला नव्हता, फक्त कंटाळलेला होता. पण माझ्याजवळ दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"मी अर्धा तास झाला इथे फिरतेय," मी म्हणाले. आवाज फाटला. "मला कोणाशी बोलायचं ते कळत नाही. आणि बाहेर पायरीवर एक बाई बसल्या आहेत, मी काही केलं नाही तर त्यांना गावात कोणी उभं करणार नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय विकता?"

"मासे. तलावाचे."

"मरळ आहे? जिवंत?"

तो मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतला होता. लहानपणापासून तळ्याचा मासा खाल्लेला. पाहुण्यांना बर्फातला मासा वाढताना लाज वाटते म्हणाला. तो माझ्यासोबत बाहेर आला. शेवंताबाई अजून तशाच बसल्या होत्या. तो त्यांच्यापुढे पायरीवर उकिडवा बसला आणि मरळ कोणत्या महिन्यात कुठे दडते यावर ते दोघं असे बोलायला लागले, की मी बाजूला उभी राहून हाताला चिकटलेला बिस्किटाचा चुरा झटकत राहिले.

तो गुरुवारी तलाव बघायला आला. पुढच्या महिन्यात त्याचं रिसॉर्ट आणि शेजारचं एक, अशी दोन गिऱ्हाइकं लागली. सगळा मासा त्यात गेला नाही, पण सडला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर जुना व्यापारीही पाळीवर आला, झालं गेलं विसरा म्हणाला. बायका पुन्हा बोलायला लागल्या. दिराने मात्र आपला शब्द कधी मागे घेतला नाही आणि शेवंताबाईंनीही त्याला तसं कधी म्हटलं नाही.

माझ्या मनात एक शंका राहिली होती. मला धीट करायला त्यांनी त्या दिवशी मुद्दाम तर केलं नाही? एकदा विचारलंच. "पायरीवर तुम्ही नाटक केलं ना, बाई? मी जावं म्हणून?"

त्या चकित झाल्या. "नाई वं. माहा जीव चालला होता. तुले वाटलं मी खेळ करून राह्यली?" मग जरा लाजून म्हणाल्या, "तू गेली नसती तर मी बस धरून घरी आली असती."

मला ते ऐकून वाईटही वाटलं आणि हलकंही. माझी भीती गेलेली नाही. आजही कुठल्या हॉलच्या दारात मला घाम फुटतो आणि मी आत जाते. कधी जमतं, कधी नाही.

मला गडचिरोलीला दुसरी नोकरी लागली तेव्हा मी निरोप घ्यायला त्यांच्या गावी गेले. मोठं जाळं ओढायचा दिवस होता. दोन्ही कडांनी बायका छातीभर पाण्यात उभ्या, मधे जाळं, आणि शेवंताबाई पार तलावाच्या मध्यावर. जाळं सोडून येणं शक्य नव्हतं. पुढच्याच पावसाळ्यात तापाने त्या आठ दिवसांत गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. म्हणून ही आमची शेवटची भेट, पण तेव्हा ती आम्हाला तशी वाटली नव्हती.

मी पाळीवरून हात केला. त्यांनी मला पाहिलं आणि ओरडून काहीतरी म्हणाल्या. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वारा उलटा होता, बायका जाळ्याच्या तालावर हाका घालत होत्या, पाणी सपसप वाजत होतं. मला एक शब्द कळला नाही. त्यांनी पुन्हा ओरडून सांगितलं, हसत हसत, पाण्याबाहेर फक्त डोकं आणि जाळं धरलेले दोन हात. रस्त्यावर माझी बस हॉर्न देत होती.

"हो!" मी जीव तोडून ओरडले. "हो, शेवंताबाई!"

त्यांनी मान डोलावली, समाधानाने, आणि जाळ्याकडे वळल्या. मी बस पकडली. नंतर त्या दिवशीच्या बायकांना मी विचारलं, त्या काय म्हणाल्या होत्या. कोणालाच आठवत नव्हतं.